बेंड आणि बीबी किंगची ल्युसिल
बेंड (तार बोटाने ढकलून सूर वर चढवणं) सुरात लागत नाही म्हणून गिटार बदलू का असं विचारलंयस, तर नको रे, आधी कान तयार कर. जी (G) तारेवर, म्हणजे बारीक बाजूने तिसऱ्या तारेवर, नववा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) वाजव, तो सूर गुणगुण, मग सातव्यावर तिसऱ्या बोटाने तार ढकलत तिथपर्यंत ने, मागे पहिली दोन बोटं टेकूला ठेव, एकट्या बोटात तेवढा जोर नसतो.

ब्लूज गिटारवादक बीबी किंगचा व्हायब्रेटो (सूर थरथरवणं) बघ, अंगठा नेकवरून (दांड्यावरून) सुटलेला आणि अख्खा हात पहिल्या बोटावर थरथरतोय! त्याची गिटार ल्युसिल म्हणजे गिब्सन ईएस-३५५ च्या घराण्यातली, १९८० च्या मॉडेलला फीडबॅक (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारी शिट्टी) कमी व्हावा म्हणून एफ-होल्सच (पुढची f आकाराची छिद्रं) ठेवली नाहीत. आणि दुसरा ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंग तर डावखुरा, उजव्या हाताची फ्लाइंग व्ही (व्ही आकाराची गिटार) उलटी धरायचा, त्यामुळे बारीक तारा वर यायच्या आणि तो त्या खाली ओढायचा, म्हणून त्याचे बेंड एवढे काळजाला भिडतात.