मदत हवी आहे: विशीतल्या प्रेमाची मराठी कादंबरी सुचवाल का?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याला असते. भाची २१ वर्षांची, पणजीला कॉलेजात. सध्या तिच्या उशाशी इंग्रजी 'न्यू अडल्ट' कादंबऱ्यांची चळतच असते. हा शब्द २००९ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने पुढे आणला. यातली पात्रं साधारण १८ ते २५ वयाची, नुकतीच घराबाहेर पडलेली. प्रेमात पडतात, पण घरातली भांडणं पाठ सोडत नाहीत.

परवा तिने एक पान वाचायला दिलं, खूण म्हणून कदंबच्या बसचं तिकीट घातलेलं. नायिका दार लावून बसलीय आणि बाहेर बाप भांडी आपटतोय. वाचून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "मावशी, असं आपल्या मराठीत कोण लिहितं गं?" मला एकही नाव सांगता आलं नाही. तिच्या घरीही वाटणीवरून दोन वर्षं बोलणं बंद आहे, म्हणून तो प्रश्न जास्तच लागला.

अशी मराठी कादंबरी कुणी वाचली आहे का? किशोरांसाठीची नको, आणि लग्न झालं की सगळं गोड होतं अशीही नको. प्रेमाने मारकुटा मुलगा सुधारतो, हे तर मुळीच नको. या वयात ते वाचून मुली सहन करत राहतात, असं मला मनापासून वाटतं. अनुवाद असला तरी चालेल. पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत मिळण्यासारखं असेल तर फारच बरं, शनिवारी तिला घेऊन जाणार आहे.