कलौंजीचे तेल घेतल्यास मधुमेहाच्या गोळ्या सुटतात का?

प्रश्न (अमळनेर)
माझी आई ६४ वर्षांची असून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची एक गोळी घेते. रोज उपाशीपोटी चमचाभर घेतल्यास गोळ्या सुटतील, असे सांगून मावशीने तिला कलौंजीच्या तेलाची बाटली दिली आहे. बाटलीवर केवळ 'काळ्या बियांचे तेल' एवढेच छापलेले आहे. ते द्यावे का?

उत्तर (साक्री)
आधी बाटलीत काय आहे ते ठरवा. आपल्याकडे काळे बी म्हटले की कोणाला कारळे आठवतात, कोणाला कडू जिरे, तर आमच्यासारख्या कांदा पिकवणाऱ्यांना कांद्याचे बियाणे. कारळ्याचा दाणा लांबट व तुळतुळीत असतो. कलौंजीचा तिकोनी, खडबडीत, आणि तळहातावर चुरडला की त्याला ओव्याच्या जवळ जाणारा उग्र वास येतो. कांद्याचे बी दिसायला कलौंजीसारखेच असते, परंतु पेरणीच्या बियाण्याला अनेकदा बुरशीनाशक चोळलेले असल्यामुळे ते चुकूनही पोटात जाता कामा नये. (मला एकदा वाण्याने कलौंजी म्हणून कारळे बांधून दिले होते, चटणी मात्र फक्कड झाली.) लेबलवर 'नायजेला सटायव्हा' हे कलौंजीचे शास्त्रीय नाव नसेल, तर ते तेल घेऊ नये.

उत्तर (जळगाव, औषधविक्रेता)
कलौंजीत थायमोक्विनोन नावाचे द्रव्य असते आणि तिच्या गुणांचे बरेचसे श्रेय त्यालाच दिले जाते. सौदी अरेबियात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ९४ रुग्णांना तीन महिने कलौंजी दिली गेली आणि रोज २ ग्रॅम घेणाऱ्यांची साखर चांगली उतरली. मात्र त्या रुग्णांच्या गोळ्या बंद केलेल्या नव्हत्या, कलौंजी त्यांच्या जोडीला होती. शिवाय ती बियांच्या स्वरूपात होती, चमचाभर तेल नव्हे. हे तेल रक्तदाबही थोडा उतरवते, त्यामुळे गोळीच्या जोडीने घेतल्यास उठताना चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर ते टाळावे. त्वचेवर लावल्यास काहींना पुरळ उठते, हेही लक्षात असू द्या. द्यायचेच असेल, तर डॉक्टरांना बाटली दाखवून, साखर व रक्तदाब मोजत द्यावे.

प्रश्नकर्ता (अमळनेर)
दोघांचेही आभार. बाटली उघडून पाहिली. उग्र वास मुळीच नाही, कारळ्याच्या चटणीचा येतो तसा वास आहे. मावशीला दुकान विचारले आहे. तोवर आईच्या गोळ्या चालू आणि बाटली फडताळात.