दूतावासातील नोकरी आणि दाद मागण्याचा हक्क

सप्रेम नमस्कार मंडळी,

आमच्या परिचयातील एक ताई लंडनमधील एका परदेशी दूतावासात स्वागतकक्ष सांभाळत होत्या. त्या ब्रिटिश नागरिक आहेत. गेल्या महिन्यात दोन ओळींचे पत्र देऊन त्यांना कामावरून काढले, आणि साचलेल्या रजेच्या पगाराचा विषय काढताच ‘आमच्यावर इथल्या कोर्टाचा अधिकार चालत नाही’ असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? जाणकारांनी कृपया कळवावे.

---

नमस्कार काका,

हे उत्तर एकेकाळी खरे होते. आज ते सरसकट कोणालाही देता येत नाही. परदेशी राज्यांना इथल्या कोर्टापासून संरक्षण देणाऱ्या ब्रिटनच्या १९७८ च्या स्टेट इम्युनिटी ॲक्टने दूतावासातील कर्मचाऱ्यांना, मग तो राजनैतिक अधिकारी असो वा आचारी, एकाच दोरीने बांधले होते, म्हणजे कोणालाच दूतावासाविरुद्ध इथे दाद मागता येत नव्हती. सुदान आणि लिबिया यांच्या लंडनमधील दूतावासांत स्वयंपाक व घरकाम करणाऱ्या दोन मोरोक्कन स्त्रियांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १८ ऑक्टोबर २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाने ही तरतूद न्याय्य सुनावणीच्या मानवी हक्काशी विसंगत ठरवली. कायदा बदलायला मात्र २०२३ उजाडले. ज्यांच्या कामावर परराष्ट्राचे कोणतेही गुपित अवलंबून नव्हते, अशा माणसांना इतकी वर्षे कोर्टाची पायरीही चढू दिली नाही, हा माझ्या मते उघड अन्याय होता.

आता राजनैतिक अधिकाऱ्यांच्या दाव्यांबाबत दूतावासाचे हे संरक्षण कायम आहे. इतरांच्या बाबतीत ती नेमणूक किंवा तक्रारीतील कृती सार्वभौम सत्तेचा वापर म्हणून झाली होती का, हे पाहिले जाते. म्हणून पदनामापेक्षा रोजचे काम महत्त्वाचे. सौदी अरेबियाच्या दूतावासाच्या सांस्कृतिक विभागातील एका कर्मचारी स्त्रीच्या खटल्यात २०२५ साली कोर्ट ऑफ अपीलने हेच पाहिले आणि तिचे कार्यालयीन काम सार्वभौम कारभाराला पुरेसे लागून नाही, असे ठरवून संरक्षण नाकारले. नागरिकत्वही पाहावे लागते, कारण दूतावास ज्या देशाचा, त्याच देशाच्या नागरिकाला हा कायदा वेगळ्या नियमाने तोलतो. ताईंपुढे ती अडचण दिसत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगतो. दाव्याचे कागद दूतावासाच्या दारात देऊन चालत नाही. ते ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यामार्फत त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे जातात आणि त्यात बराच काळ जातो. शिवाय निकाल बाजूने लागला तरी दूतावासाच्या कारभारासाठी असलेल्या बँक खात्यावर जप्ती आणता येत नाही, त्यामुळे पैसे हाती पडणे हा वेगळाच लढा ठरू शकतो.

ताईंचे नेमके काम काय होते, ते कळवाल का?

---

नमस्कार,

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. येणाऱ्यांची नोंदवही, फोन आणि टपालाची वाटणी एवढेच त्यांच्याकडे होते. व्हिसाच्या अर्जांवरचे निर्णय किंवा गोपनीय कागद कधीच नव्हते.

---

काका,

मग त्यांची बाजू भक्कम आहे असे मला वाटते. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि कामाचे स्वरूप दाखवणाऱ्या ईमेल तारखेनुसार लावून ठेवायला सांगा. एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीविषयक दाव्यांच्या न्यायाधिकरणात, जाण्यापूर्वी ‘एकास’ (ACAS) या नोकरीतील वादांत समेट घडवणाऱ्या संस्थेकडे नोंद करावी लागते आणि दाव्याची मुदत काही महिन्यांचीच असते, म्हणून ताईंनी याच आठवड्यात सॉलिसिटरला भेटावे.