मांडणशिल्प, चिनी माती आणि ‘परागंदा’

आय वेईवेई या चिनी कलावंतावर लेख लिहिते आहे. दोन शब्दांशी अडले आहे. ‘इन्स्टॉलेशन’ला, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेल्या कलाकृतीला, ‘मांडणशिल्प’ चालेल का? आणि २०१५ मध्ये पासपोर्ट परत मिळताच चीन सोडून बर्लिनला गेलेल्या या माणसाला स्थलांतरित म्हणू, निर्वासित की परागंदा?

— ‘मांडणशिल्प’ खुशाल वापरा, कलासमीक्षेत रुळलेला शब्द आहे. आजीच्या स्वयंपाकघरात भिंतीला लाकडी मांडणी होती, तीवर चिनी मातीच्या बरण्या. लोणच्याची बरणी जरा सरकली तरी आजीला कळायचं. मांडण्यात जागेचा असा विचार असतो, म्हणून मला हा शब्द फार आवडतो. २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात आय यांनी सूर्यफुलाच्या सुमारे दहा कोटी बिया अंथरल्या, त्या चिनी मातीच्याच. चीनमधल्या जिंगदेझेन शहरातल्या सोळाशे जणांनी त्या घडवल्या, एकेक बी हाताने रंगवली. माओच्या काळातल्या प्रचारचित्रांत माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड करून उभी सूर्यफुलं. इथे त्या जनतेतला एकेक दाणा वेगळा दिसतो. तेव्हा लेखात ‘सिरॅमिक’ऐवजी ‘चिनी माती’च लिहा. या मातीचं ‘केओलिन’ हे नावसुद्धा जिंगदेझेनजवळच्या गाओलिंगवरून आलं आहे.

— ‘परागंदा’ मात्र नको. मूळ फारसी अर्थ ‘विखुरलेला’, आणि बियांच्या संदर्भात तो मोहात पाडतो हे खरं. पण मराठीत कर्ज बुडवून किंवा गुन्हा करून पळालेला माणूस परागंदा होतो. ज्याचा पासपोर्ट सरकारने चार वर्षं अडकवून ठेवला, त्याच्यावर हा ठपका कशाला? त्याचे वडील, कवी आय छिंग, यांना कुटुंबासह चीनच्याच दूरच्या शिनजियांग प्रांतात धाडलं होतं. तिथे ‘हद्दपार’ नेमका बसेल. आणि ‘निर्वासित’ राखून ठेवा. २०१७ च्या निळ्या-पांढऱ्या थाळ्यांवर त्याने युद्ध, उद्ध्वस्त शहरं, समुद्र ओलांडणाऱ्या होड्या, छावण्या रंगवून घेतल्या. त्या थाळ्यांतली माणसं निर्वासित आहेत.

— पटलं. ‘स्थलांतरित’ ठेवते; थोडा कोरडा आहे, पण खोटा नाही. तुमचं वाचून आणखी एक दुरुस्ती केली. जिंगदेझेनच्या त्या सोळाशे जणांना मी ‘मजूर’ लिहिलं होतं. ते खोडून ‘कारागीर’ केलं.