मदत हवी आहे: कीर्तनाच्या जुन्या वह्यांसाठी कोणता कोश पाहू? (ठाणे/ऐरोली)

ऐरोलीची_शमा
आजोबा कीर्तन करायचे. त्यांच्या १९४० च्या सुमाराच्या वह्या टाइप करायला घेतल्यात (नशीब, मोडीत नाहीत). काही शब्द आजीलाही माहीत नाहीत, वाक्प्रचार अर्धेमुर्धे कळतात, आणि आख्यानातला कोण राजा कुणाचा मुलगा याचा तर पत्ताच लागत नाही. ठाण्यात एका वाचनालयात "शब्दकोश द्या" म्हटलं, तर काउंटरवरचे काका म्हणाले, "कुठला?" कोणता कोश कशासाठी बघायचा? घरी नेता येतो का?

गावदेवीकर
काकांनी बरोबर विचारलं. तुमचं निम्मं काम दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त होईल. १९३२ ते १९३८ मध्ये सात विभाग निघाले, नंतर पुरवणी. अर्थ मराठीतच, शिवाय शब्द जुन्या ग्रंथांत कुठे आलाय त्याचे दाखले. 'ज्ञा.' दिसलं की ज्ञानेश्वरी. अशा संक्षेपांच्या यादीचा आधी फोटो काढून ठेवा, नाहीतर वैताग येतो.

एक गोम आहे. हा कोश १९६२ च्या लेखननियमांआधीचा. 'गाव' सापडलं नाही तर 'गांव' बघा. आजोबांच्या वहीतही असेच अनुस्वार असणार, म्हणजे वहीत आहे तसाच शब्द शोधलेला बरा.

वाक्प्रचारांना त्याच दोघांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश'. कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' शब्द आला कुठून ते सांगतो, नुसत्या अर्थासाठी तो नको. राजे-ऋषी यांच्यासाठी चित्रावशास्त्र्यांचा प्राचीन चरित्रकोश. तो हाती लागला की वही बाजूलाच राहते, आधीच सांगतो!

ग्रंथपाल_कोपरखैरणे
हे सगळे एका कपाटात मिळणार नाहीत. ड्युई पद्धत (विषयानुसार आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत) असेल तर मराठी शब्दकोश ४९१.४६३ ला, चरित्रकोश बहुधा ९२० च्या आसपास, विश्वकोश ०३० ला. कोशांवर सहसा 'संदर्भ' असा शिक्का असतो, म्हणजे तिथेच बसून बघायचे. त्यामुळे अडलेल्या शब्दांची यादी अकारविल्हे लावून न्या, एकेक विभाग एकदाच काढावा लागेल. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तिथे आधी फोन करून संच पूर्ण आहे का विचारा.

ऐरोलीची_शमा
दोघांचेही आभार! घरी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश विकत घेऊन ठेवू का?

गावदेवीकर
घाई नको. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती उत्तमच आहे, पण अर्थ इंग्रजीत. शिकागो विद्यापीठाच्या कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही फुकट शोधता येतात. घरी ते वापरा, तिथे अडेल तेवढ्याचीच यादी करून ठाण्याला या.