इन्स्टा बंद केलं, नवव्या दिवशी परत आलो. ब्रेक टिकतो कसा?

रिकामा_बाक:
शेवटच्या वर्षाला आहे. सेमिस्टर सुरू झालं तेव्हा ठरवलं की दोन महिने इन्स्टा बंद, अकाउंट डिअॅक्टिव्हेट केलं, अॅप पण उडवलं. पहिले दोन दिवस तर येड्यासारखं व्हायचं, अॅप काढल्यावर त्या जागी कॅल्क्युलेटर सरकून आला होता आणि अंगठा सवयीने तिथेच जायचा, दिवसातून पंधरा-वीस वेळा मी विनाकारण कॅल्क्युलेटर उघडून बसायचो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मस्त वाटायला लागलं, झोप लवकर यायला लागली. मग आमच्या प्रोजेक्ट ग्रुपने प्रेझेंटेशनची वेळ बदलली आणि ते ठरलं इन्स्टाच्या ग्रुप चॅटवर. मी एक तास उशिरा पोचलो, सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. त्याच रात्री लॉगिन केलं आणि आता आधीपेक्षा जास्त बघतोय. तुमच्यापैकी कोणी खरंच जमवलंय का? पूर्ण बंद करायचं की कमी करायचं?

अर्धवट_थिसिसवाली:
अरे यात तुझ्या इच्छाशक्तीचा काही दोष नाहीये, निरोपाची सोय न लावता तू गेलास, एवढंच. मी जायच्या आधी ग्रुपमधल्या एकीला सांगून ठेवलं होतं की काही बदललं तर साधा मेसेज नाहीतर फोन कर, आणि तिने केले. बाकी "मी ब्रेक घेतेय" अशी स्टोरी वगैरे टाकू नकोस, मी टाकली होती, मग तिला कोणी काय रिप्लाय दिला ते बघायला चार वेळा परत गेले 😅
अजून एक, नुसतं अॅप काढलं तर अकाउंट चालूच असतं, लोक मेसेज टाकतात आणि त्यांना वाटतं तू मुद्दाम उत्तर देत नाहीयेस. डिअॅक्टिव्हेट केलंस ते बरोबर होतं. फक्त परत लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं, म्हणून "एकदाच बघतो" हा प्रकार नको.

मानस_चौथी_रांग:
सायकॉलॉजीवाला आहे म्हणून थोडं लांबण लावतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 143 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 2018 मध्ये छापून आला. अर्ध्यांना सांगितलं नेहमीसारखं वापरा, अर्ध्यांना फेसबुक, इन्स्टा, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला फक्त 10 मिनिटं, असं 3 आठवडे. खरंच पाळतायत का ते बघायला आयफोनच्या बॅटरी स्क्रीनचे स्क्रीनशॉट मागवायचे. कमी वापरणाऱ्यांचा एकटेपणा आणि उदासपणा कमी झाला. पण मला मजेशीर वाटलं ते हे की आपलं काहीतरी सुटतंय ही धास्ती दोन्ही गटांत कमी झाली, म्हणजे बहुतेक आपण किती बघतो यावर नुसतं लक्ष ठेवलं तरी फरक पडत असावा. म्हणून माझं मत, पूर्ण बंद करायची गरज नाही.

खवचट_काका:
3 आठवडे कोणीही करेल रे, स्क्रीनशॉट मागणारा माणूस मागे उभा असेल तर मी पण करेन. प्रयोग संपल्यावर काय?

मानस_चौथी_रांग:
काका, प्रश्न बरोबर आहे. त्याचं थोडंफार उत्तर दुसऱ्या एका अभ्यासात आहे, अमेरिकेत 2018 च्या निवडणुकीआधी लोकांना पैसे देऊन 4 आठवडे फेसबुक बंद करायला लावलं होतं. रोजचा साधारण तासभर सुटला, मन थोडंसं बरं झालं (थोडंसंच, चमत्कार नाही), बातम्यांची माहिती मात्र कमी झाली. आणि पैसे मिळायचे बंद झाल्यावर पण लोक आधीपेक्षा कमीच वापरत होते.

अर्धवट_थिसिसवाली:
त्या सुटलेल्या तासाचं काय करायचं हाच तर खरा घोळ आहे. पहिल्या ब्रेकमध्ये मी इन्स्टा सोडून यूट्यूब शॉर्ट्स बघत बसले, नाव वेगळं, अंगठा तोच. दुसऱ्या वेळी रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायला लागले आणि अलार्मसाठी साधं घड्याळ आणलं. एवढ्यानेच जे काय झालं ते झालं, बाकीचे सगळे उपाय माझ्याकडून आठवडाभर पण टिकले नाहीत.

रिकामा_बाक:
थँक्स ताई, मानस, आणि काका तुम्हालापण. पूर्ण बंद नाही करत आता. अॅप फोनवरून काढलं, फक्त लॅपटॉपवर ब्राउझरमधून संध्याकाळी एकदा बघणार, आणि प्रोजेक्टवाल्यांना सांगितलं की वेळ बदलली तर फोन करा. एकजण म्हणाला "फोन? कॉल करायचा?" जसं काही मी पत्र पाठवायला सांगितलंय. कॅल्क्युलेटर परत त्याच जागी आलाय, आज सहा वेळा उघडला.