मदत हवी आहे: फौजेच्या रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव आणि जन्मतारीख चुकली आहे, दुरुस्ती कशी करावी?

नमस्कार मंडळी.

मी माजी सैनिक, हवालदार. १९८३ साली भरती झालो, २००३ मध्ये पेन्शनवर घरी आलो. गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. चार एकर आहे, कपाशी आणि तूर घेतो.

अडचण अशी आहे. डिस्चार्ज बुकात आणि पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) माझ्या बायकोचं नाव 'कुसुम' आहे, जन्मतारीख १ जानेवारी १९७०. आधार, पॅन, रेशनकार्ड, मतदार यादी, बँकेतलं आमचं जॉइंट खातं, या सगळ्यांत ती 'सुनंदा' आहे आणि जन्म १२ ऑगस्ट १९६८.

हे कसं झालं ते सांगतो. आमचं लग्न एप्रिल १९८८ चं. तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं आणि त्या दिवसापासून घरात तेच नाव. मी सुट्टी संपवून जम्मूकडे युनिटमध्ये हजर झालो. कंपनी ऑफिसात क्लर्कनं विचारलं, "बीवी का नाम?" माझ्याजवळ पुरावा म्हणून लग्नपत्रिका तेवढी होती, तिच्यावर 'चि. सौ. कां. कुसुम' छापलेलं. तेच सांगितलं, तेच लिहिलं गेलं. जन्मतारीख मला माहीत नव्हती. "उमर कितनी होगी?" मी म्हटलं अठरा. त्यानं १९८८ मधून अठरा वजा केले आणि १ जानेवारी टाकून दिली. पंधरा वर्षं नोकरी त्याच नोंदीवर गेली. कधी अडलं नाही, म्हणून मीही लक्ष दिलं नाही. ती चूक माझी आहे.

आता का जागा झालो, तर बाजूच्या गावातला एक जोडीदार दोन वर्षांपूर्वी वारला. वेगळ्या रेजिमेंटचा, पण भरती आमची एकाच मैदानावरची. त्याच्या बायकोचं नाव रेकॉर्डमध्ये एक आणि आधारवर दुसरं. कुटुंब पेन्शन अकरा महिने सुरू झाली नाही. ती बाई आमच्या छपरीत येऊन बसायची. मांडीवर खताच्या दुकानाची पिशवी, पिशवीत मृत्यूचा दाखला, लग्नातला एक फोटो आणि नवऱ्याचं कॅन्टीन कार्ड. एक दिवस म्हणाली, "भाऊजी, मी त्यांचीच बायको आहे हे आता कोणाला विचारून सांगतील हे लोक?" मला उत्तर देता आलं नाही. मागच्या पावसाळ्यात मला स्वतःला स्टेंट पडला. तेव्हापासून हे काम डोक्यातून जात नाही. मी आहे तोवर हे निस्तरायचं आहे.

आतापर्यंत बँकेत गेलो, त्यांनी स्पर्शकडे, म्हणजे फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलकडे पाठवलं. सीएससी सेवा केंद्रावरच्या पोरानं स्पर्श उघडून पाहिलं, म्हणाला हे नाव माझ्याच्यानं बदलत नाही, त्यापेक्षा काकूंचं आधारच 'कुसुम' करून टाकू. कोर्टासमोरच्या एका अर्जनविसानं सांगितलं की सरकारी राजपत्रात (गॅझेटमध्ये) नाव छापल्याशिवाय फौज ऐकतच नाही.

माझे प्रश्न: राजपत्र खरंच लागतं का? पहिला अर्ज स्पर्शवर करायचा की रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला? आणि बायकोच्या जन्मतारखेचा पुरावा काय द्यायचा? ती चौथीपर्यंत शिकली, ती शाळा आता बंद आहे. कोणी हे काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद, निवृत्त सुभेदार (क्लर्क), अमरावती

राम राम हवालदार साहेब. बावीस वर्षं हेच कागद हाताळले, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे आधारला हात लावू नका. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं. तिथे 'कुसुम' केलं की पॅन, बँक, मतदार यादी, सातबारा असं सगळं मागे लागेल. चूक रेकॉर्डमध्ये आहे, तर रेकॉर्डच दुरुस्त करा.

मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसची असते. तुमच्या लग्नाची पार्ट टू ऑर्डर (नोंदीचा लेखी आदेश) १९८८ मध्ये निघाली, तिच्यावरून शीट रोलमध्ये, म्हणजे तुमच्या सेवा-नोंदीच्या कागदात, नाव चढलं आणि तिथून पीपीओत आलं. दुरुस्तीही त्याच वाटेनं जाते. रेकॉर्ड ऑफिस नवी पार्ट टू ऑर्डर काढतं, मग पीपीओची दुरुस्ती प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात जाते आणि स्पर्शवर दिसते. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड त्यानंतर. उलट्या टोकानं सुरू केलं म्हणून तुम्ही फिरत राहिलात.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. प्रत्येक कागदावर आर्मी नंबर, रँक, नाव. सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या प्रती, दोघांचं आधार-पॅन, नवरा-बायकोचा जोडफोटो आणि प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचं करा, सेतूवरचं परत येण्याची भीती असते. बहुतेक ठिकाणी दोन वर्तमानपत्रांतली जाहिरातही मागतात, एक मराठी, एक इंग्रजी.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. प्रतिज्ञापत्रात "नाव बदलले आहे" असं लिहू नका. वहिनींनी आज नाव बदललेलं नाही, ते १९८८ लाच बदललं. "कुसुम हे माहेरचे नाव व सुनंदा हे विवाहानंतरचे नाव असून दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे" असं लिहा. आजच्या तारखेनं नाव बदललं म्हटलं, तर मधल्या सदतीस वर्षांत 'सुनंदा' नावानं काढलेल्या कागदांचं काय, हा प्रश्न उभा राहतो. माझा सल्ला, राजपत्राचा खर्च आत्ताच करू नका. आधी रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका, त्यांनी लेखी मागितलं तरच करा.

जन्मतारीख लहान गोष्ट समजू नका. कुटुंब पेन्शनरला ८० वर्षं पूर्ण झाली की २० टक्के जादा पेन्शन मिळते, आणि वय रेकॉर्डवरूनच धरतात. खरी तारीख १९६८ ची असेल तर वहिनींचा तो हक्क जवळजवळ दीड वर्ष अलीकडे येतो.

आणि तुमची स्वतःची जन्मतारीख आधारवर वेगळी असेल तर तिथे मात्र उलट करा, आधार रेकॉर्डप्रमाणे करून घ्या. भरतीच्या वेळी लागलेली सैनिकाची तारीख निवृत्तीनंतर बदलायच्या नादी लागू नये.

प्रतिसाद, सैनिकाचा मुलगा, यवतमाळ जिल्हा

काकाजी, आईच्या जन्मतारखेसाठी आम्हाला कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल कामी आली. काकूंच्या माहेरच्या तालुक्याच्या तहसीलमध्ये रेकॉर्ड रूमला अर्ज करा, गावाचं नाव आणि अंदाजे वर्ष लिहा. दोन-तीन वर्षांचं बुक पाहायला सांगा. पुष्कळदा त्यात मुलाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगी' एवढंच असतं. घाबरू नका. भावंडांच्या जन्माची वर्षं जोडून दिली की कोणती मुलगी ते ठरतं. शाळा बंद असली तरी तिचं दाखलखारीज रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) जवळच्या शाळेत किंवा पंचायत समितीत गेलेलं असतं, तेही पाहा.

धागाकर्ता

सुभेदार साहेब, बाळा, दोघांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, पण काम पुढे सरकलं.

कोतवाल बुकात नोंद सापडली. सासऱ्यांचं नाव, पुढे 'मुलगी', तारीख १२ ऑगस्ट १९६८. बायकोला वाचून दाखवली. तिनं दोनदा बोट ठेवून पाहिलं. म्हणाली, आई सांगायची पोळ्याच्या दहा-अकरा दिवस आधीची तू, ते खरंच निघालं.

दुसरं एक सापडलं, ते सुभेदार साहेबांना विचारायचं आहे. पेन्शनच्या कागदांसाठी २००३ मध्ये काढलेल्या जोडफोटोची प्रत ट्रंकेत होती. फोटोखाली टाइप केलेलं नाव 'कुसुम' आहे, आणि त्याच्या खाली बायकोची सही 'सौ. सुनंदा'. त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. याचा उपयोग होईल का?

निवृत्त सुभेदार (क्लर्क), अमरावती

साहेब, हा तुमचा सगळ्यात पक्का कागद आहे. फौजेनं स्वतः सांभाळलेल्या फोटोवर, तुमच्या कमांडिंग ऑफिसरनं साक्षांकित केलेल्या, दोन्ही नावं एकाच चेहऱ्याखाली आहेत. प्रत अर्जासोबत सगळ्यात वर लावा. ट्रंकेतला फोटो कोणालाही देऊ नका. स्पीड पोस्टाची पावती डिस्चार्ज बुकातच ठेवा.

धागाकर्ता

सोमवारी नवा जोडफोटो काढायला आर्वीला जातो. त्यावर सही माझ्या एकट्याची चालेल की दोघांची?

निवृत्त सुभेदार (क्लर्क), अमरावती

दोघांची. वहिनींना जुना फोटो समोर ठेवून सही करू द्या, २००३ सारखीच, 'सौ.' सकट.